बत्तीस अंश

"आजोबा, हात ओला कशाला करून आलात? पुसा आधी," असं म्हणून मी टॉवेल त्यांच्या मांडीवर जवळजवळ फेकलाच.

खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं उजवा हात पुसला. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचं तेवढ्यानं समाधान झालं नाही.

"आवं, बेचक्यातनं पुसा की. बाईंच्या तारा भिजतील."

"पुसलंय की. आनी किती पुसू? कातडं निघंल आता."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका सोमवारची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका खासगी इस्पितळात नसांच्या तपासणीच्या मशीनवर कामाला लागून मला सहा महिने झाले होते. सहा महिन्यांत माणसाला जेवढं येतं त्याच्या दुप्पट आपल्याला येतं असं वाटायला लागतं, तशी माझी अवस्था होती. रिपोर्टच्या तळाशी 'शुभदा कुंभोजकर' ही सही मी इतकी झोकात ठोकायची की तिच्याशेजारी डॉक्टरांची सही बिचारी दिसायची.

तपासणी साधी असते. मनगटाजवळ आणि मग कोपराजवळ नसेला विजेचा बारीकसा झटका द्यायचा. नस तो निरोप पुढे नेते, हाताचा स्नायू उडतो आणि पडद्यावर एक लाट उमटते. निरोप किती वेगानं पोचला ते त्यावरून काढायचं. झटक्यानं कुणाचा जीव जात नाही, पण लोक बोंबलतात, आणि ती बोंब बाहेरच्या बाकावर स्पष्ट ऐकू जाते. केरबा चौगुले, वय एकाहत्तर, त्या दिवशी बाहेर पाऊण तास बसून तीन बोंबा ऐकून आत आले होते.

"लई दुखतंय का वं बाई?" त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं."

"मग ह्यास्नी कायबी न्हाई व्हायचं. पन्नास वरसं उकळत्या काकवीत बोटं घालत्यात ह्ये."

मी मान वर केली. "काकवीत? कशासाठी?"

"गुळव्या हाय मी, ताई," केरबा म्हणाले. आपण कलेक्टर आहोत हे एखाद्यानं सहज सांगावं तसा त्यांचा सूर होता. "गुऱ्हाळात रस आटतोय, काकवी हुतीया, मग तिचा गूळ कवा झाला ते कोन सांगनार? गुळव्या. हात पान्यात बुडवायचा, काहिलीत, त्या मोठ्या कढईत, बोटं घालून चिमूटभर उचलायचं, परत पान्यात घालून गोळी वळायची. बोटाला कळतंय. कळलं की म्हनायचं, उतरा. आदुगर उतरली तर गूळ बसत न्हाई, मागनं उतरली तर करपतोय."

"आणि आता?"

उत्तर हौसाबाईंनी दिलं. थंडी पडल्यापासून पहाटेच्या वेळी त्यांच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. डिसेंबरात लागोपाठ दोन आधणं, म्हणजे दोन काहिली भरून गूळ, वाया गेली; गार व्हायला वाफ्यात ओतलेला गूळ दुपारपर्यंत पातळच राहिला. गुऱ्हाळाचे मालक विलासराव पुण्याहून लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन आले होते. येत्या शनिवारपासून काहिलीजवळ ते स्वतः तो धरून उभे राहणार होते. डॉक्टरांचा कागद चांगला आला तरच केरबांनी यायचं, नाहीतर घरी बसायचं.

"घरी बसून काय करनार वं ह्ये?" हौसाबाई म्हणाल्या. "माज्या आमटीत बोटं घालतील."

मी हसले, आणि फॉर्मचे रकाने नेहमीच्या सफाईनं भरून टाकले. नाव, वय, उंची, हाताचं तापमान बत्तीस. मग झटके द्यायला सुरुवात केली.

केरबांनी हूं की चूं केलं नाही. पण आकडे बघून माझ्याच कपाळाला आठ्या पडल्या. डाव्या हाताचा वेग सेकंदाला एक्कावन्न मीटर आला. एकाहत्तराव्या वर्षी तो झकासच म्हणायचा. उजव्याचा सदतीस. मी दुसरी नस तपासली, करंगळीकडे जाणारी, तर तीही तशीच रेंगाळत होती. लाट उशिरा यायची. आली की मात्र चांगली उंच यायची, डाव्या हाताच्या लाटेपेक्षाही उंच. ती उंची मला जराशी खटकली. पण सदतीस हा आकडा इतका वाईट होता की त्यापुढे उंचीचा विचार करायला मी थांबले नाही. सही ठोकली आणि रिपोर्ट डॉक्टर सबनीसांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

डॉ. सबनीस म्हणजे नसांच्या बाबतीत आमच्याकडचा शेवटचा शब्द. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून समोर बसलेल्या केरबांकडे बघितलं.

"किती वर्षं हे काम करताय?"

"पन्नास हुतील आवंदा."

"रोज किती वेळा बोटं काकवीत जातात?"

"एका आधणाला पंधरा-ईस डाव. दिसाला चार आधणं."

सबनीसांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला होता, आणि मलाही तो पटला होता. "उजव्या हाताच्या दोन्ही नसा मंदावल्यात. डाव्या शाबूत आहेत. पन्नास वर्षांच्या उष्णतेनं नसा भाजल्यात, त्यात वय. यापुढे विस्तवाजवळचं काम बंद. आजपासून."

"म्हंजे किती दीस?"

"दिवस नाहीत, आजोबा. कायमचं."

केरबांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. मग तो त्यांनी धोतराच्या सोग्याखाली झाकून ठेवला. आल्यापासून तोंड बंद नसलेल्या हौसाबाईंनी त्यावर आपला पदरही ओढला. ते बघून मला वाईट वाटलं. पण आपला रिपोर्ट बरोबर आहे याचं एक हलकट समाधानही मला होतं, हे आज कबूल करून टाकते.

"शुक्रवारी या," सबनीस म्हणाले. "पायाच्या नसाही बघून घेऊ. सगळ्या अंगात पसरलंय की हातापुरतंच आहे ते कळेल. त्या दिवशी कागद देतो."

शुक्रवारी माझ्या खोलीत गर्दी होती. केरबांचा नंबर आला तेव्हा मी दारातून दोनदा हाक मारली. कुणी उठलं नाही. बाकावरच्या एका बाईनं हसू दाबत कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं.

तिथे फरशी पुसणाऱ्या मावशींचा नळ होता. नळाखाली बादली होती. आणि त्या बादलीत उजवा पाय पोटरीपर्यंत बुडवून, धोतर वर खोचून, भिंतीला एक हात टेकून केरबा चौगुले उभे होते. शेजारी हौसाबाई त्यांची चप्पल हातात धरून पहारा देत होत्या.

"आजोबा! हे काय चाललंय?"

"झालंच, ताई. आलोच," केरबा म्हणाले. "आज पायाचं हाय म्हनला न्हवं डाक्टर."

"म्हणून पाण्यात?"

"मग? काहिलीत बोट घालायच्या आदी पान्यात बुडवाय लागतंय. त्याबिगर चटका सोसत न्हाई. तुमचं मशीनबी चटकाच देतंय की. त्या दिशी बाहेर लोकं कशी वरडत हुती! म्हनलं, आपन आपली तयारी करूनच जावं. त्या दिशी हाताला केली, आज पायाला."

"त्या दिवशी हात किती वेळ बुडवला होता?"

"तुमच्या गार पान्याच्या मशिनीखाली पातेलं धरलं हुतं हिनं," त्यांनी बायकोकडे बोट केलं. "हितं बसल्यापासनं तुमी बोलवस्तवर."

पाऊण तास. इस्पितळाच्या कूलरचं पाणी, ज्यानं दात शिवशिवायचे, त्यात पाऊण तास.

मी तिथंच खाली बसले आणि त्यांचा पाय बादलीतून काढून दोन्ही हातांनी धरला. बर्फ होता नुसता. मग मी उभी राहून त्यांचा उजवा हात धरला. तो आज कोरडा होता, आणि ऊबदार होता. सोमवारी मी त्या हाताला तारा चिकटवल्या होत्या, पट्टी गुंडाळली होती, अर्धा तास तो माझ्या ताब्यात होता. आणि तो कसा लागतो हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

थंड नस हळू चालते. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नस म्हणजे काही तांब्याची तार नाही. हात गारठला की तिचा वेग दर अंशाला दीड-दोन मीटरनं उतरतो. म्हणून तर फॉर्मवर तापमानाचा रकाना असतो. हात बत्तीस अंशांच्या खाली असेल तर आधी गरम करायचा, मगच तपासायचा. त्यासाठी माझ्या खणात कातडीचं तापमान मोजायचं एक छोटं यंत्र होतं. त्याची बॅटरी दिवाळीत संपली होती. नवी मागवायचा कंटाळा मी तीन महिने केला होता, आणि तीन महिने प्रत्येक माणसाच्या नावापुढे मी डोळे मिटून बत्तीस लिहीत आले होते.

"बाई, तुमी पांढऱ्या का पडला?" हौसाबाईंनी विचारलं. "बसा वाईच. पानी देऊ का?"

"पाणी नको!" मी म्हणाले, ते जरा जोरातच.

केरबांना आत नेलं. पाय कोरडा करून ब्लँकेटात गुंडाळला. आणि कुणी सांगितलेलं नसताना उजव्या हाताची तपासणी पहिल्यापासून केली. पहिला झटका दिला, लाट आली, वेळेवर आली. वेग बावन्न. करंगळीची नस तपासली. पन्नास. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा, उकळत्या काकवीत पन्नास वर्षं घातलेला हात, आणि त्यातल्या नसा माझ्या वडिलांना हेवा वाटावा अशा धावत होत्या.

"काय वं, ताई? लई वाईट?"

"थांबा इथंच. कुठंही जाऊ नका. आणि कशातही काही बुडवू नका!"

सबनीसांच्या केबिनपर्यंतचा तो कॉरिडॉर मला अजून आठवतो. नोकरी जाणार याची मला खात्री होती. पण त्याहून वाईट म्हणजे खोटं लिहिणारी मुलगी अशी माझी ओळख त्या माणसापुढे होणार होती. परत फिरून, नवा रिपोर्ट निमूट पुढे करून, 'सुधारणा दिसते' असं काहीतरी म्हणता आलं असतं. मी दारापर्यंत तेच वाक्य घोकत गेले. आत गेल्यावर दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"सर, सोमवारचं बत्तीस मी मोजलेलं नव्हतं."

त्यांनी मान वर केली नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मी बादलीची, पातेल्याची, दिवाळीत संपलेल्या बॅटरीची सगळी हकिकत सांगितली.

"त्या बत्तीसवर विसंबून," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मी एका माणसाचं पन्नास वर्षांचं काम बंद केलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं नंतर," ते म्हणाले. "इकडे बघ. सोमवारची लाट बघ. उशिरा आलीय, पण उंच आहे. आजारी नस उशिरा येते आणि लंगडत, अर्धीमुर्धी येते. थंड नस उशिरा येते, पण सगळीच्या सगळी येते. कागदावर हे धडधडीत दिसत होतं. मी ते बघितलंच नाही. मी वय बघितलं, धंदा बघितला, आणि गोष्ट रचून मोकळा झालो." त्यांनी खुर्ची मागे सारली. "चूक तुझी आहे. पण एकटीची नाही."

मग ते उठून माझ्या खोलीत आले आणि केरबांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. सोमवारी आपण सांगितलं ते चुकीचं होतं, तुमच्या नसा ठणठणीत आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. केरबांचा विश्वास बसेना.

"मग माजी दोन आधणं कशी गेली, डाक्टर? ती तर तुमच्या मशीननं न्हाई घालवली."

प्रश्न बिनतोड होता. सबनीसांनी केरबांचा उजवा हात उलटा करून बोटं निरखली.

"उद्या पहाटे तुमच्या गुऱ्हाळावर येतो," ते म्हणाले. "हात कामावर असताना बघायचाय मला. शुभदा, बॅटरी आण."

बॅटरी मी स्वतः जाऊन आणली. दोन आणल्या.

पंचगंगेच्या काठचं ते गुऱ्हाळ. उसाच्या फडातून धुकं उठत होतं, आणि चुलवणाची धग तोंडावर, तर पाठीवर थंडी अशी गंमत होती. काहिलीत रस खदखदत होता. विलासराव मफलर गुंडाळून, हातात थर्मामीटर घेऊन, वरातीतल्या नवरदेवासारखे उभे होते. पस्तिशीचा माणूस, वाईट नव्हता. कागद त्यांनी नीट वाचला.

"कागद बरा आलाय, ह्येचा मला आनंदच हाय," ते म्हणाले. "पर डाक्टर, माझी दोन आधणं गेली ती कागदानं भरून येनार न्हाईत. ह्ये एक आधण केरबातात्याचं. गूळ बसला तर तात्या, न्हाई बसला तर ह्यो थर्मामीटर. पटतंय का तात्या?"

"पटतंय," केरबा म्हणाले.

"तुम्ही नेहमी करता तसंच करा," सबनीसांनी त्यांना सांगितलं. "आम्ही नुसतं बघतो."

केरबा काहिलीजवळच्या चौथऱ्यावर बसले. शेजारी विहिरीच्या पाण्याचं पितळी पातेलं होतं. त्यांनी हात पाण्यात घातला, आणि तो तिथेच ठेवला. रस आटेपर्यंत काहिलीवर नजर, हात पाण्यात.

"काढत नाही का मधे?" सबनीसांनी विचारलं.

"आदी नुसता बुडवून काढत हुतो. पर आता वय झालं, कातडं पातळ झालंया. चटका जास्त लागतोय. म्हनून आवंदापासनं हात पान्यातच ठेवून वाट बघतो."

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, हात पाण्यातून काढायला लावला, पुसला आणि मोजला. एकोणीस अंश.

"विलासराव, तुमचाही हात घाला बघू तेवढाच वेळ," सबनीस म्हणाले. मालकांना मजा वाटली, त्यांनी बाही वर केली. दहा मिनिटांनी त्यांचा हात वीस अंशांवर आला होता. मग दोघांनाही चुलवणाच्या धगीला हात धरायला लावून मी पुन्हा मोजत राहिले. दहा मिनिटांत मालकांचा हात तिशीला पोचला. केरबांचा तेविसावर रेंगाळत होता.

"हे वय," सबनीस म्हणाले. "नस म्हातारी झालेली नाही, ऊब परत यायला वेळ लागतो, एवढंच. पण एकोणीस अंशांच्या बोटाला काय कळणार? नस झोपेत, बोटाचे स्नायू आखडलेले. त्या बोटांनी गोळी वळताय आणि ती काय म्हणते ते विचारताय."

केरबांनी पातेलं पायानं बाजूला सारलं.

"म्हंजे म्या हात वाचवाया गेलो, आनी हातच घालवून बसलो?"

"घालवला नाहीत. गारठवलात. चटक्यापासून वाचायला ओलं कातडं पुरतं, आजोबा. आतला हात ऊबदार ठेवा. आयत्या वेळी बुडवा आणि लगेच काम करा, तरणेपणी करत होता तसं."

"आनी चटका?"

"तो थोडा सोसा."

केरबा हसले. आल्यापासून पहिल्यांदाच हसले. "त्यो सोसतो की! त्येची सवय हाय."

हौसाबाईंनी घोंगडीचा एक तुकडा चुलवणाच्या भिंतीला शेकला आणि नवऱ्याचा हात त्यात गुंडाळला. वरून त्या आपल्या हातांनी तो चोळायला लागल्या. "पन्नास वरसांत पयल्यांदा हात धरू दिला ह्यांनी मला, त्योबी चार मानसांत," त्या मला म्हणाल्या. केरबांनी लाजून मान फिरवली, पण हात काढून घेतला नाही.

काहिलीतला रंग बदलत गेला. हिरवट, तपकिरी, मग मधासारखा. मळी काढून झाली, फेस बसला, बुडबुडे जड झाले. विलासरावांनी थर्मामीटर बुडवला. एकशे बारा. एकशे चौदा. पुण्याच्या पुस्तकात एकशे अठराला उतरवायचं असं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं सांगून ठेवलं होतं.

केरबा उठले. घोंगडी सोडली. हात पातेल्यात घालून क्षणात बाहेर काढला, काहिलीत बोटं घालून चिमूट उचलली, पाण्यात धरून गोळी वळली. अंगठ्यानं दाबली, डोळे मिटले.

"अजून," ते म्हणाले, आणि हात परत घोंगडीत.

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. बोटं लाल झाली होती. मला वाटलं ते कळवळतील, पण त्यांचा चेहरा, हरवलेला माणूस गर्दीत दिसावा तसा फुलला होता.

"हौसे," ते पुटपुटले, "बोलतीया गं. गोळी बोलतीया."

तिसऱ्यांदा वळलेली गोळी त्यांनी पितळी ताटलीवर टाकली. टण्ण असा आवाज झाला. चुलवणात चिपाडं सारणाऱ्या माणसानंही मान वर केली.

"एकशे सोळा," विलासराव घाईनं म्हणाले. "तात्या, अजून दोन अंश हायत."

"ह्यो खोडव्याचा ऊस हाय, मालक. दोन अंश थांबला तर करपंल."

"पुस्तकात..."

"पुस्तकाला काय ठावं, ह्यो ऊस कुठल्या रानाचा ते?"

काहील उतरवणारे चौघे गडी दांडे धरून उभे होते. त्यांची नजर मालकांकडे होती, मालकांची थर्मामीटरकडे. एवढ्यात केरबांनी तो लालबुंद हात माझ्यापुढे केला.

"ताई, ह्येचं किती?"

मी मोजलं. यंत्रावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

"तेहतीस."

"मोजून सांगतासा न्हवं?"

शुक्रवारची माझी सगळी कबुली सबनीसांनी त्यांना सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं.

"मोजून सांगतेय, आजोबा. तेहतीस."

केरबा वळले. छाती भरून घेतली आणि असे ओरडले की फडातले बगळे उडाले.

"उतरा!"

गडी मालकांकडे न बघता पुढे सरले. काहील कलली, सोनेरी धार वाफ्यात पडली, फावडी फिरायला लागली. आम्ही थांबलो. चहा झाला, दुसरा झाला. केरबा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून होते. मग त्यांनी अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. साच्यात भरलेला गुळाचा पहिला रवा दुपारी उलटा केला तेव्हा तो कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा पिवळाधमक बसला होता. केरबांनी त्याच्यावर टिचकी मारली. आवाज भरीव आला.

विलासरावांनी थर्मामीटर पुसून त्याच्या पेटीत ठेवला. मग आपल्या गळ्यातला मफलर काढून केरबांच्या उजव्या हाताला स्वतः गुंडाळला. सबनीसांनी, आमच्या कोरड्या सबनीसांनी, चक्क टाळ्या वाजवल्या. मी हसत होते आणि रडतही होते. नंतर रडायची परवानगी मला मिळालेलीच होती.

आता माझी पन्नाशी उलटलीय. थंडीच्या दिवसांत माझीही बोटं सकाळी लवकर वळत नाहीत. हाताखालच्या मुली मला हसतात, कारण पेशंट आला की नाव विचारायच्या आधी मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरते. हसू देत.

त्या दुपारी चिपाडांच्या ढिगावर बसून मी केरबांचा फॉर्म नव्यानं भरायला घेतला. गरम गुळाचा खडा गालात धरून, बोटांत पेन धरून, मी एकेक रकाना हळूहळू भरत होते. खाली सही केली, ती लहानशी केली. केरबा येऊन शेजारी उभे राहिले.

"काय लिवलंसा, ताई?"

"हाताचं तापमान तेहतीस."

"आनी वय?"

"एकाहत्तर."

"ह्येबी मोजूनच लिवलंय न्हवं?" ते डोळे मिचकावत म्हणाले. मग थोडा विचार करून मान डोलावली. "व्हय. बरोबर हाय ते. ऱ्हाऊ द्या."

आणि मफलरात गुंडाळलेला हात वर करून ते काहिलीकडे वळले.

"चला रं! फुडचं आधण चढवा!"